वाघ जेवला आहे का उपाशी?

प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या एका तरुण मूर्तिकाराचा आहे. गणपती, शारदा, दुर्गा आणि तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते चाकांवरचे नंदी करतो. जंगलाच्या गेटजवळच्या एका रिसॉर्टनं त्याच्याकडे पूर्ण आकाराचा वाघ मागितला आहे. आधी करून पाहिलेला वाघ ‘भुसा भरलेल्या मांजरीसारखा’ दिसतो, असं तो स्वतःच लिहितो. त्याला हवंय ते असं: केस कसे कोरायचे म्हणजे वाघ जिवंत दिसेल, ब्राँझ घ्यावं की रेझिन, आणि हे गावातल्या गावात जमेल का?

भाऊ, केसांचं शेवटी बघू. तुमचे फोटो पाहिले. केस तुम्ही चांगलेच कोरलेत, माझ्यापेक्षा बारीक. भानगड पायांत आहे. चारही पाय खाटेच्या खुरांसारखे सरळ, आणि चौघांवर सारखंच वजन. असा प्राणी फक्त तान्ह्या पोळ्याच्या चाकाच्या पाटीवर उभा राहतो.

माझंही हेच झालं होतं. पहिला मोठा वाघ मातीत उभा केला तेव्हा दोन महिने मी पट्टे आणि मिशांमागे लागलो. गावातला एक म्हातारा वनमजूर बघायला आला. त्याचं सगळं आयुष्य वणवा अडवायच्या फायर लाइन जाळण्यात आणि पाणवठे साफ करण्यात गेलेलं. त्यानं भोवती एक चक्कर मारली, बिडी विझवली आणि विचारलं, “हा जेवला हाय का उपाशी?” मला सांगता येईना. “कुठून आला? कोणाचा आवाज आला त्याले?” तेही नाही. मग म्हणाला, “मंग हा वाघ नाही. वाघाची कातडी हाय.”

तेव्हापासून माती हातात घेण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं मी भिंतीवर खडूनं लिहितो. ऐकायला हे तत्त्वज्ञान वाटेल, पण प्रत्येक उत्तराचं माप निघतं. जेवलेल्या वाघाचं पोट खाली लोंबतं आणि चालताना एका अंगाला झुकतं. उपाशी वाघाचं पोट कुशीकडे ओढलेलं असतं. वाघ पाण्यावरून आला असेल तर मानेखालचे आणि पोटाखालचे केस चिकटलेले, पावलं संथ. मागून आवाज आला असेल तर डोकं वळण्याआधी एक कान वळतो. तो एक कान तुम्ही केलात की बघणारा नकळत मागे वळून बघतो.

आता पाय. वाघ सावकाश चालतो तेव्हा बहुतेक वेळ तीन पंजे जमिनीवर असतात आणि एक हवेत. मागचा पंजा पुढच्या पंजाच्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडतो. हे तुम्ही रस्त्याच्या धुळीत शंभरदा पाहिलं असेल, फक्त शिल्पासाठी पाहिलं नसेल. खांद्याचं हाड, म्हणजे फरा, मांजरवर्गात सापळ्याला हाडानं जोडलेला नसतो. तो स्नायूंनी लटकवलेला असतो. त्यामुळे ज्या पायावर वजन येतं त्या बाजूचा फरा पाठीच्या रेषेच्या वर उचलला जातो आणि दुसरा खाली बसतो. तुमच्या वाघात दोन्ही फरे एका पातळीत आहेत. फक्त एवढं बदला, एक वर आणि एक खाली, नि त्या प्रमाणात छाती थोडी वळवा. अर्धं काम तिथंच होईल.

फरा बघायला जंगलात जायची गरज नाही. घरातली मांजर उंदरावर दबा धरते तेव्हा बसून बघा. पण मांजरीवरून प्रमाण घेऊ नका. मांजरीचे डोळे चेहऱ्याच्या मानानं मोठे, वाघाचे लहान, आणि वाघाचा जबडा जड. उजेडात मांजरीची बाहुली उभ्या चिरेसारखी होते, वाघाची गोलच राहते. कितीतरी चौकांतले वाघ मी उभ्या बाहुलीचे पाहिलेत. म्हणूनच ते मांजर वाटतात, आणि लोक दोष रंगाला देतात.

नखांचीही तीच गोष्ट. चालणाऱ्या वाघाची नखं आत ओढलेली असतात, म्हणून पगमार्कमध्ये नख उमटत नाही. गिऱ्हाइकाला नखं हवीच असतात. त्याला धुळीतला ठसा दाखवा. पुढच्या पंजाला पाच बोटं असतात, पाचवं आतल्या बाजूला वर, जमिनीला न टेकणारं. मागच्या पंजाला चारच.

प्रत्यक्ष मापांसाठी एवढं लक्षात ठेवा. मोठ्या नराची खांद्याजवळची उंची मीटरच्या आसपास, शेपूट साधारण तेवढीच, आणि कोपर छातीच्या खालच्या रेषेला. कोपर वर गेलं की वाघ कुत्र्यासारखा दिसू लागतो. नराचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा. निरीक्षणाला नागपूरचं गोरेवाडा आहे, महाराजबाग आहे. जुने भुसा भरलेले प्राणी पाहायचे तर १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला. भुसा भरलेल्या प्राण्यावरून पोज मात्र उचलू नका. ती भरणाऱ्याची असते.

एक गोष्ट कटाक्षानं सांगतो, कारण आपल्याकडच्या पोरांना ती गंमत वाटते. जंगलात पडलेलं चितळाचं किंवा सांबराचं शिंग, कुठं सापडलेली कवटी, नख, कातडीचा तुकडा, काहीही ‘नमुना’ म्हणून घरी आणू नका. गळून पडलेलं शिंगसुद्धा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे, आणि ‘मी शिल्पकार आहे’ हे उत्तर तिथं चालत नाही. फोटो काढा, बाजूला काडेपेटी ठेवून माप घ्या आणि शिंग जिथल्या तिथं राहू द्या.

तोंड उघडावं की मिटावं, यावर तुमचं आणि रिसॉर्टवाल्याचं भांडण होणार. त्याला डरकाळी हवी असणार. उघडं तोंड करायचंच असेल तर पूर्ण करा. वाघ दात विचकतो तेव्हा कान मागे सपाट होतात, नाकावर आठ्या पडतात, डोळे बारीक होतात. आपल्याकडचे बहुतेक फायबरचे वाघ कान ताठ ठेवून तोंड उघडतात. तो राग नाही, जांभई आहे. माझं मत विचाराल तर तोंड मिटलेलंच ठेवा. तुमच्या-माझ्या भागात वाघानं नेलेली माणसं घराघरात माहीत आहेत. धानाच्या बांदीत वाकून काम करणाऱ्या बाईला वाघाचे दात दाखवून भीती शिकवावी लागत नाही. तिला रस्त्याच्या कडेला शांतपणे बसलेला वाघ जास्त ओळखीचा, आणि जास्त भीतीचा. ताडोब्याच्या तळ्याकाठचं देवस्थान वाघाशी झुंजताना मेलेल्या गावप्रमुखाचं आहे असं गोंडांची कथा सांगते. रानातले लाकडी वाघोबा पाहा, त्यांना शरीरशास्त्र नाही, केस नाहीत, तरी समोर गेल्यावर माणूस चप्पल काढतो.

आता कामाकडे. आधी लहान नमुना करा, एकास पाच. म्हणजे खांद्याशी वीस सेंटिमीटर. ॲल्युमिनियमच्या तारेवर मेणमाती चढवा आणि पोज इथंच पक्की करा. हा नमुना रोज उलटा धरून, आरशात आणि दिव्याच्या सावलीत बघायचा. सावली बोलली पाहिजे. सावलीत वाघ ओळखू येत नसेल तर पट्टे काढून काही होणार नाही.

मोठ्या कामाला आतून लोखंड लागेल. पायांत पाइप, मणक्याला वाकवलेली सळई, त्यावर कोंबडी जाळी. जागा भरायला तणस, म्हणजे धानाचा पेंढा, सुतळीनं आवळून बांधा, हे तुम्ही दुर्गेला करताच. फरक एवढाच की दुर्गेचं तणस आकार देतं, इथं सळईनं आकार द्यायचा आणि तणसानं फक्त जागा भरायची. जड पोटाखाली माती घसरते, म्हणून लाकडाचे लहान क्रॉस तारेला लटकवून ठेवा, माती त्यांना धरून राहते. बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, चिकणमाती चालेल, पण कापूस मळूनच. आणि ती सुकू द्यायची नाही. गणपती सुकवतो तसा वाघ सुकवलात तर तो आक्रसेल आणि पायाजवळ फाटेल. साचा निघेपर्यंत ओलं बारदान, वर प्लास्टिक, संध्याकाळी पाण्याचा हात.

माती चढवताना क्रम पाळा. आधी हाडं जिथं कातडीखाली लागतात त्या जागा: कपाळ, फऱ्याची कड, कोपर, माकडहाड, मागची टाच. मग स्नायू. मग सैल कातडी. वाघाच्या पोटाखाली आणि मांडीपुढे कातडीची सैल घडी असते, ती बहुतेक जण विसरतात. शेवटी केस, आणि तेही सगळीकडे नाहीत. गालावरचा झुपका, मानेखाली, पोटाखाली, कानाच्या आत. पाठीवर आणि मांडीवर केस जवळजवळ करूच नका, तिथं उजेड सरळ स्नायूवर पडू द्या. सगळीकडे सारखे केस कोरले की प्राणी खराट्यासारखा दिसतो.

पट्ट्यांची गंमत वेगळीच. गवतात शरीराचा आकार मोडून टाकायला पट्टे असतात, आणि शिल्पकाराचं काम आकार दाखवायचं. म्हणजे पट्टे तुमच्या विरोधात काम करतात. ब्राँझमध्ये मी ते सोडूनच देतो, फार तर पोत किंचित बदलतो. रंगवलेल्या फायबरमध्ये पट्टे टाळता येत नाहीत. तिथं एकच नियम: डावी बाजू काढून तीच उजवीकडे उलटी छापू नका. कोणत्याही वाघाच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि कोणतेही दोन वाघ सारखे नसतात. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोवरून वाघ मोजतात ते याच जोरावर. एका खऱ्या वाघाचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि तसेच काढा. गेटवरचा गाइड नाव घेऊन ओळखेल, याहून मोठं बक्षीस नाही.

ब्राँझ की रेझिन? तुमच्या कामाला रेझिन, म्हणजे काचतंतूंच्या मॅटवर रेझिन चढवून होतं ते फायबर. कारण आधी वजनातून सांगतो. पूर्ण वाढलेल्या वाघाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण साडेतीन चौरस मीटर धरा. ब्राँझची भिंत पाच मिलिमीटर ठेवली तर एका चौरस मीटरला सुमारे ४४ किलो धातू लागतो. म्हणजे पोकळ वाघ दीडशे किलोच्या पुढे. जिवंत नराहून थोडा हलकाच. तोच भरीव ओतला तर दीड टनाच्या वर जाईल. त्यात रनरचा, म्हणजे धातू आत नेणाऱ्या नळ्यांतला, आणि वाया जाणारा धातू वेगळा. शिवाय तांबं वितळायलाच १०८५ अंश लागतात आणि ब्राँझ त्याहून गरम करून ओततात. एवढं अंगणात होत नाही. फायबरचा वाघ लोखंड सोडून वीस-पंचवीस किलो भरतो, दोन माणसं बंडीवर चढवतात. पण तो हलका आहे म्हणूनच त्याला पाया घट्ट हवा. पायांतलं लोखंड काँक्रीटमध्ये नीट अडकवा, नाहीतर अवकाळी वादळात तुमचा वाघ शेजारच्या बांदीत सापडेल.

रेझिनचं काम तुम्हाला थोडं माहीत आहे, म्हणून चुकतील अशाच जागा सांगतो. साचा उघड्या केसांवरून काढायचा असेल तर आत सिलिकॉन रबर आणि वर फायबरचं कवच. गुळगुळीत प्राणी असेल, रोही म्हणजे नीलगाय म्हणा, तर नुसत्या फायबरचे तुकड्यांचे साचे पुरतात. मेणमातीत गंधक असेल तर प्लॅटिनमवालं सिलिकॉन त्यावर घट्ट होत नाही, चिकट राहतं. आपल्याकडे बाजारात मिळणारं टिनवालं चालतं. शंका असेल तर आधी शेपटीच्या टोकावर चमचाभर लावून पाहा. मोल्ड वॅक्सचे तीन हात, मग जेलकोट, म्हणजे रेझिनचा बाहेरचा पहिला थर, तो हाताला चिकट लागला पण बोटावर आला नाही की ४५० ग्रॅमची काचतंतूंची मॅट, तीन थर, ब्रशनं हवा ठोकून काढत.

रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात तो कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, बाटली दूर ठेवा, मग हार्डनर. दोन्ही एकमेकांवर पडले तर भडका उडतो. आपली शेडं तणसाच्या ढिगाला लागून असतात, हे लक्षात ठेवा. हार्डनरचे बोळेही कोपऱ्यात फेकू नका, पाण्याच्या डब्यात टाका.

हवामान हा आपल्या भागातला खरा वैरी. एका मे महिन्यात सकाळी अकराला मी पाच किलो रेझिन हिवाळ्याच्या प्रमाणात मिसळलं. पहिला हात लावतोय तोवर बादलीत जेली झाली, मग धूर निघाला, बादलीचं बूड वितळलं. ती बाहेर वाळूत फेकली तेव्हा हाताचे केस जळाले होते. उन्हाळ्यात पहाटे पाचला काम सुरू करा, अर्धा किलोच मिसळा, हार्डनर एक टक्क्यापर्यंत उतरवा. त्याखाली नाही, कारण मग ते कधीच पूर्ण घट्ट होत नाही आणि पुढच्या उन्हात पाय वाकतात. पावसाळ्यात रेझिनमध्ये भरीला ओलसर डोलोमाइटची पूड घालू नका. आणि वास येतो तो रेझिनमधल्या स्टायरिनचा, त्याला रुमाल पुरत नाही. कार्ट्रिजवाला मास्क घ्या. मी वीस वर्षं रुमालावर काढली, आता सकाळचा खोकला सोबत घेऊन उठतो.

बाहेर ठेवायच्या वाघाला वरून ऊन अडवणारा यूव्हीचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर कोट हवाच. नाहीतर दोन उन्हाळ्यांत पिवळा रंग खडूसारखा हाताला लागतो.

ब्राँझचं वेड मनात असेल तर सोडू नका, फक्त लहान सुरू करा. एक वीतभर रानगवा करा. त्याच्या पाठीचा उंचवटा पाठीच्या मध्यावर अचानक संपतो, मणक्यांच्या लांब काट्यांमुळे तो बनतो. आणि बैल तुम्ही जन्मापासून पाहताय, त्यामुळे गवा तुम्हाला वाघापेक्षा लवकर साधेल. गडचिरोलीपलीकडे बस्तरात घडवा कारागीर मातीचा गाभा, त्यावर मेणाचे धागे, वर पुन्हा माती, आणि मेण वितळवून त्या जागी पितळ, असं पिढ्यान्‌पिढ्या ओततात. तिथं आठ दिवस बसून आलात तर पुस्तकात मिळत नाही ते कळेल. आणि ही कला परक्याची नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ असे चार ब्राँझचे नग सापडले. सगळे मिळून साठ किलोच्या वर, आणि बरेच अभ्यासक ते हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाइतके जुने मानतात. फ्रान्समध्ये बारी नावाच्या शिल्पकारानं १८३१ला पॅरिसच्या सॅलाँत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, वाघ आणि गंगेतली सुसर यांचं शिल्प मांडून नाव कमावलं. त्यानं वाघ प्राणिसंग्रहालयात पाहिला, मेलेल्या प्राण्यांची मापं घेतली. आपल्याला वाघ शेताच्या धुऱ्यावर दिसतो आणि आपण कॅलेंडरवरून करतो.

फाउंड्रीत काम देताना दोन-तीन गोष्टी लेखी घ्या. धातूचं प्रमाण, पुतळ्यांना बहुधा ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के असं वापरतात. ब्राँझ थंड होताना सुमारे दीड टक्का आक्रसतं, मेण त्याआधी थोडं. म्हणजे मीटरभर उंचीचा वाघ दोन सेंटिमीटर बुटका होऊन येतो, ते मातीतच वाढवून ठेवा. कान, शेपूट, मिशांची उशी अशा पातळ जागी धातू पोचण्याआधी थिजतो, तिथं हवेच्या नळ्या जास्त द्यायला सांगा. शेपूट वेगळी ओतून जोडलेली बरी. वेल्डिंगनंतर तिथला पोत पुन्हा कोरायला स्वतः जा. फाउंड्रीतला कामगार सफाईदार असतो, पण तुमचा वाघ त्यानं मातीत पाहिलेला नसतो. पॅटिनाला, म्हणजे धातूवर रसायनानं रंग चढवायला, ब्राँझ तापवून फेरिक नायट्रेट लावलं की तांबूस तपकिरी, पोटॅशियम सल्फाइडनं काळपट, कॉपर नायट्रेटनं हिरवा. वाघाला हिरवा नको. वर मेण, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी नि नंतर पुन्हा मेण.

रेझिनमध्ये ब्राँझची पावडर मिसळूनही छान काम होतं. घासून पॉलिश केलं की लांबून फरक कळत नाही. ते करा, पण बिलावर ‘ब्राँझ फिनिश’ लिहा. ब्राँझच्या नावाखाली फायबर बसवणारे ठेकेदार मी पाहिलेत. टिचकी मारली की मडक्यासारखा आवाज येतो आणि नाव खराब होतं मूर्तिकाराचं.

साचा मात्र जपून ठेवा. आज रेझिन, उद्या कोणी ब्राँझचे पैसे घेऊन आला तर त्याच साच्यातून मेण निघतं.

पैशांचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तीन हप्ते करा: नमुना पसंत पडल्यावर, माती पूर्ण झाल्यावर, बसवल्यावर. माती पूर्ण झाली की गिऱ्हाइकाला शेडवर बोलवा, चहा पाजा, चारही बाजूंनी फोटो काढून त्यावर सही घ्या, मगच साच्याला हात लावा. मी एकदा सही घेतली नव्हती. साचा निघाल्यावर मालक म्हणाला, तोंड उघडं हवं. पदरमोड करून दुसरं डोकं केलं, कान मागे, नाकावर आठ्या, सगळं. ते पाहून मालकीणबाई म्हणाल्या, पहिलंच बरं होतं. त्या डोक्याचे पैसे आले नाहीत. ते अजून माझ्या शेडमागे तणसात पडलंय, आणि त्याच्या जबड्यात आमची एक कोंबडी अंड्यावर बसते.